नॉर्मलच्या बाहेरच्या दोन जागा

दाजी शिगवणांना नॉर्मल व्हायचं होतं. नुसतं चारचौघांसारखं नव्हे, चांगलं कागदावर, डॉक्टरच्या सहीनिशी. एवढं वय झालं, नातवंडं खेळवायची वेळ आली, पण असली हौस त्यांना कधी झाली नव्हती. आता झाली, कारण घरात तहच तसा ठरला होता, आणि तह मोडायचा तर पोटच्या पोराशी बोलणं मोडायचं.

दाजी मूळचे लांज्याकडचे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारण्यात निम्मं आयुष्य गेलं आणि उरलेलं जाखडीत. जाखडी म्हणजे आपला बाल्या नाच हो! मधे मृदुंगवाला, झांजवाले नि गाणारे बसतात आणि भोवती एका पायात घुंगरांची चाळ बांधलेले गडी गोल फिरत नाचतात. गणपतीत दाजींच्या वाडीची मंडळी नवघर रोडच्या ‘समर्थ छाया’ सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिंगण धरायची, आणि त्या रिंगणात पहिला पाय पडायचा तो दाजींचा. बाकीचे गडी वर्षभर विसरतात नि श्रावणात तालमीला उगवतात. दाजींची तालीम बारा महिने. सकाळी सोफा भिंतीकडे सरकवायचा, चाळ बांधायची, आणि घाम निथळेपर्यंत नाचायचं. त्या दणक्याने मांडणीवरचं फुलपात्र रोज बोटभर पुढे सरकायचं आणि त्यांची बायको मंदा ते रोज मागे ढकलायची.

खालच्या मजल्यावर राहायचे सोसायटीचे चेअरमन काशीनाथराव गुप्ते. दादरहून इकडे आलेले, शिस्तीचे, सह्या हिरव्या शाईने करणारे. वर धपधप सुरू झाली की ते झाडूच्या दांड्याने छताला ठोकायचे. दाजी नाचत राहायचे, ते ठोकत राहायचे.

“ताल चुकतोय मेल्याचा,” मंदा स्वयंपाकघरातून म्हणायची.

सगळं बरं चाललं होतं. पण गेल्या गणपतीत गाणं ऐन रंगात असताना रिंगणातला सुभाष मटकन खाली बसला. लोकांना वाटलं, दम लागला. तो उठलाच नाही. दाजींचा मुलगा साईराज तेव्हा मोबाईलवर शूटिंग करत होता. ते शूटिंग त्याच्याकडे अजून होतं. बघवत नव्हतं आणि पुसवतही नव्हतं. त्या दिवसापासून सकाळी हॉलमध्ये धपधप सुरू झाली की साईराज अंथरुणात उठून बसायचा, आणि थांबली की जास्तच घाबरायचा.

“बाबा, आता बस झालं,” तो म्हणाला.

“बसलो की मरेन,” दाजी म्हणाले.

महिनाभर बापलेकात अबोला. मंदा एकाला चहा देताना दुसऱ्याचा निरोप सांगून सांगून कंटाळली. शेवटी तिनेच तह घडवला. दाजींनी हृदय तपासून घ्यायचं. नॉर्मल निघालं तर हवं तेवढं नाचायचं, कोणी हूं की चूं करायचं नाही. नाही निघालं तर चाळ माळ्यावर. साईराजने मान डोलावली. दाजी म्हणाले, “शब्द हाय शिगवणांचा.” आणि मिशीला पीळ दिला, कारण आपलं काळीज कसं आहे ते त्यांना ठाऊक होतं.

योगायोग असा की त्याच सुमारास सोसायटीत डॉक्टर नीलम आल्या. बेव्हर्ली पार्कात नवीन उघडलेल्या तपासणी सेंटरमध्ये त्या होत्या. तिथे ते बोगद्यासारखं मोठं एमआरआय मशीन आलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, हृदयाची मापं लिहिलेला जो तक्ता आम्ही वापरतो तो परदेशी माणसांवरून काढलेला आहे. तिकडची माणसं धिप्पाड, आपली चण वेगळी. म्हणून इथल्या धडधाकट माणसांची हृदयं मोजून आपला तक्ता करायचाय. तपासणीला पैसे नाहीत.

पैसे नाहीत म्हटल्यावर विचारता काय! फुकट ते पौष्टिक. ज्यांना जिना चढताना धाप लागते तेही छाती पुढे काढून रांगेत उभे राहिले. डॉक्टरांनी बीपीवाले काढले, शुगरवाले काढले, सिगारेटवाले वासावरून काढले. शेवटी चाळीस माणसं राहिली. त्यात दाजी होते, मंदा होती, काशीनाथराव होते. निवड झालेल्यांच्या तोंडावर असं तेज आलं की जणू स्थळाकडून होकार आलाय.

इथवर सगळं ठीक होतं. पण काशीनाथरावांना गप्प बसवेना. निवडीच्या बैठकीतच ते उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “मॅडम, नॉर्मल म्हणजे नेमकं किती?”

“सोपं आहे,” डॉक्टर नीलम म्हणाल्या. “समजा शंभर निरोगी माणसं मोजली. हृदयाचा कप्पा भरल्यावर किती रक्त मावतं, आवळल्यावर किती उरतं, भिंत किती जाड, हे सगळं. मग लहानापासून मोठ्यापर्यंत मापं रांगेत लावायची. मधली पंच्याण्णव जिथून जिथपर्यंत, ते नॉर्मल. दोन टोकांची पाच रेषेच्या बाहेर.”

“ती पाच आजारी?”

“नाही हो. तीही निरोगीच. पण रेषा कुठेतरी मारावी लागते ना.”

“आपडे चालीसमा केटला?” सोसायटीचा खजिनदार दिपेश पुटपुटला, आपल्या चाळिसात किती, आणि बोटांवर मोजून म्हणाला, “दो. दो लोग बाहेर.”

डॉक्टर बाई हसून म्हणाल्या, साधारण दोन, एखादा इकडेतिकडे. पण ‘साधारण’ कोणी ऐकलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! फुकटात धडधाकट असल्याचं सर्टिफिकेट घ्यायला गेलेली चाळीस माणसं एकमेकांकडे संशयाने बघत घरी गेली.

दुसऱ्याच दिवशी लिफ्टजवळ हिरव्या शाईची नोटीस लागली. विशेष सर्वसाधारण सभा. विषय पहिला आणि शेवटचा: नॉर्मलच्या बाहेरच्या दोन जागा भरणे.

दाजींना आधी वाटलं थट्टा आहे. सभेत गेल्यावर कळलं की थट्टा करण्याची ऐपत ह्या मंडळींत नाही. काशीनाथरावांचं म्हणणं सरळ होतं. दोन जागा आहेत, त्या कोणाच्या तरी वाट्याला येणारच. मग त्या पारदर्शक पद्धतीने भरलेल्या काय वाईट? उद्या कोणी म्हणायला नको की कमिटीने आपली माणसं आत घातली.

“भाडूतने नाखो,” दिपेश म्हणाला. भाडेकरूंना टाका बाहेर, मालकांना कशाला त्रास.

भाडेकरू खवळले. मग कोणी म्हणालं, दोन्ही ए विंगचे घ्या, त्यांच्याकडे पाणी जास्त येतं. ए विंगवाले म्हणाले, बी विंगने गच्चीवर पापड वाळत घालून आमची हवा अडवली, तेव्हा दोन्ही तिकडचे. शेवटी तोडगा निघाला. प्रत्येक विंगमधून एक, आणि पार्किंग वाटतो तशा चिठ्ठ्या काढायच्या.

“अरे, पण अजून कुणी मशीनमधी गेलाच न्हाय!” दाजी ओरडले.

“दाजी, पार्किंग वाटलं तेव्हा तुमच्याकडे गाडी होती का?” काशीनाथरावांनी विचारलं. “नव्हती. तरी चिठ्ठीत नाव होतं ना?”

दाजी खाली बसले. पितळी डबा आला. वॉचमन सभासद नाही म्हणून त्याच्या हातून चिठ्ठ्या काढल्या. ए विंगमधून निघाल्या सुगंधाबाई, मूठभर अंगाच्या नि घागरभर आवाजाच्या. बी विंगमधून निघाले दाजी शिगवण.

टाळ्या वाजल्या. अडतीस माणसांनी सुटकेचा श्वास सोडला तो पंख्यापेक्षा जोरात लागला.

दाजींना घरचा तह आठवला. तह ‘नॉर्मल’चा होता. हे सगळं खुळचटपण आहे हे त्यांना कळत होतं, पण ठराव झाला, सह्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांच्याशी असे वागू लागले की कधी कधी त्यांचाच हात छातीकडे जायचा. दिपेशने लिफ्ट थांबवून ठेवली. वॉचमनने हातातली मेथीची जुडी काढून घेतली. एकाने गेटवर गाठून घोडबंदरच्या कुठल्या वैद्याचा पत्ता दिला. सुगंधाबाईंनी मात्र त्या जागेचं सोनं केलं. “मी बाहेरची आहे ना, मला जास्त उभं राहवत नाही,” म्हणत त्या पाण्याच्या टँकरपाशी पहिल्या, भाजीच्या गाडीपाशी पहिल्या, आणि रविवारच्या जिना धुण्यातून कायमच्या सुटल्या.

“ठराव गेला चुलीत,” दाजी मंदाला म्हणाले. “मशीन खोटं बोलत न्हाय.”

मशीनच्या दिवशी बंटी नावाच्या टेक्निशियनने त्यांना गाऊन दिला, चांदीचा करदोडा काढून ठेवायला लावला, छातीवर तारांच्या चकत्या चिकटवल्या आणि कानावर हेडफोन चढवला. “अंकल, मैं बोलूंगा सांस छोडो, रोको, तो रोकने का. और हिलने का नहीं. एकदम नहीं.”

दाजी बोगद्यात गेले. आणि मशीन वाजायला लागलं. धडधड धड, धडधड धड, टक टक टक. दाजींनी डोळे मिटले होते. त्यांना मृदुंग ऐकू आला. मधेच लय बदलली, चाल द्रुत झाली, आणि गाणं चढलं की गड्याने काय करायचं असतं? उजवा पाय आपोआप उचलला गेला.

“अंकल! पैर!”

“सॉरी.”

पुन्हा सुरुवात. पुन्हा धडधड. पुन्हा पाय. शेवटी बंटीने दोन्ही पायांना पट्टा लावला आणि डोक्याला हात लावून म्हणाला, “इतने साल में पहला आदमी देखा जो इसमें नाच रहा है.” दाजींना ते कौतुक वाटलं.

रिपोर्टला बाप आणि लेक दोघे गेले. डॉक्टर नीलम खुशीत होत्या. पडद्यावर दाजींचं हृदय उघडत-मिटत होतं. डॉक्टर त्याच्याकडे असं बघत होत्या जसं दाजी चांगल्या नाचणाऱ्याकडे बघायचे.

“काका, काय सुंदर चालतंय बघा. झडपा चांगल्या, भिंती चांगल्या, कुठे डाग नाही.”

“म्हंजे नॉर्मल?”

“तसं मापाने बाहेर आहे. वरच्या बाजूने.” त्यांनी समजावलं. साधारण माणसाच्या डाव्या कप्प्यात भरल्यावर दोन कटिंग मावतील एवढं रक्त असतं. दाजींच्या कप्प्यात तिसरं कटिंगही मावत होतं. “रोज दमदार व्यायाम करणाऱ्यांचं होतं असं. पळणाऱ्यांचं, सायकलवाल्यांचं. आजार नाही हा. कमाई आहे तुमची.”

“मग नाचू?”

“नाचा की!”

“एक मिनिट,” साईराज म्हणाला. “पण नॉर्मल नाही ना?”

“रेषेच्या आत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. बाई खरं बोलणाऱ्या, तिथेच घात झाला.

“आत यायला काय करावं लागेल?”

“करायची गरजच नाही. पण नाच थांबवला तर काही महिन्यांत आपोआप कमी होईल बहुतेक.”

“मग थांबवा, बाबा. आत आलात की नाचा.”

“अरे, नाचलो की परत बाहेर जाईन!”

“मग परत थांबा.”

दाजींनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी टेबलाकडे बघितलं. नाचायचं तर नॉर्मल हवं, नॉर्मल व्हायचं तर नाच सोडायला हवा. जन्मभर रिंगणात फिरलेल्या दाजींना असलं रिंगण ठाऊक नव्हतं, ज्यात कोणी नाचतच नाही.

“तुझी अक्कल काय गहाण ठेवलीस का रे?” असं ते परत येताना रिक्षात विचारणार होते. पण त्याआधी साईराजच बोलला. बाहेर बघत बोलला.

“मला भीती वाटते हो, बाबा. तुम्ही नुसते चप्पल घालायला वाकलात तरी मला सुभाषकाका दिसतात.”

तिशीतला पोरगा, बँकेत साहेब झालेला, आणि आवाज शाळेतल्यासारखा बारीक. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ठेव माळ्यावर,” ते म्हणाले.

सोसायटीत तर आनंदीआनंद झाला. बघा, चिठ्ठी खोटी निघाली का! काशीनाथरावांच्या पद्धतीवर लोकांचा असा विश्वास बसला की दोघातिघांनी मुलांच्या दहावीचे निकालही सभेतच ठरवावेत अशी सूचना केली. फक्त सुगंधाबाईंचं बिनसलं. त्यांचा रिपोर्ट अगदी मधोमध, नॉर्मल आला. त्या सेंटरवर जाऊन भांडून आल्या. “मला चिठ्ठी लागलीय, तुम्ही कोण मला आत घालणाऱ्या?” खालच्या बाजूने कोण बाहेर आहे ते विचारल्यावर डॉक्टर म्हणाल्या, ज्याचा रिपोर्ट त्याला दिलाय, दुसऱ्याचं सांगता येत नाही. तेव्हा सुगंधाबाईंनी जागा सोडली नाही. जिना धुवायला त्या तेव्हाही आल्या नाहीत.

इकडे दाजी बसले. सकाळी उठून सोफ्यावर बसायचे, जो आता सरकवायचा नव्हता. पेपर उलट्या बाजूने वाचायचे. कोणीतरी त्यांना हास्यक्लबात नेलं, तिथे लोक विनाकारण हसतात हे बघून त्यांना रडू आलं. सून संजनाने मोबाईलवर रील बघायला शिकवलं. त्यात एक घोडा नाचत होता. दाजींनी मोबाईल पालथा ठेवला.

घर शांत झालं. मंदाला वाटलं होतं, बरं वाटेल. पण सकाळी भाकरी थापताना तिचा हात थांबायचा. मांडणीवरचं फुलपात्र जागच्या जागी असायचं. एकदा तिने ते उगाच बोटभर पुढे सरकवलं, जरा वेळ बघितलं, आणि पुन्हा मागे ढकललं. कोणी बघितलं नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं, तर दाजी दारात उभे होते.

पाऊस लागल्यावर डॉक्टर नीलमनी पुन्हा मोजलं. ह्या खेपेला बंटीला पट्टा लावावा लागला नाही. मशीन धडधडलं आणि दाजी ओंडक्यासारखे पडून राहिले. कप्पा कमी झाला होता. रेषेच्या आत. नॉर्मल.

“अभिनंदन म्हणू का?” डॉक्टर म्हणाल्या. “मला आधीचं आवडत होतं, काका.”

साईराजने मात्र पेढे आणले. आणि तिथेच सोसायटीत आग लागली. दिपेशने पेढा तोंडाशी नेला आणि त्याचा हात हवेत थांबला.

“दाजी अंदर आवी गया? तो फिर बाहेर कोन?”

एका तासात अख्ख्या समर्थ छायेला कळलं की नॉर्मलच्या बाहेरची एक जागा रिकामी झाली आहे. वरच्या बाजूची. लोकांनी धसका घेतला. एकाने सकाळचं चालणं बंद केलं, न जाणो हृदय वाढायचं. ए विंगमधल्या संपदाने योगाचा क्लास सोडला. डॉक्टर नीलमना फोन करकरून विचारलं तेव्हा त्या बिचाऱ्या घसा फोडून सांगत होत्या की अहो, एकाने खुर्ची सोडली म्हणून दुसऱ्याला बसावं लागत नाही, ही खुर्चीच नाही! लोक हो हो म्हणाले. गाढवापुढे वाचली गीता. सुगंधाबाई पुढे सरसावल्या, “मी आहे ना!” पण त्यांना सांगण्यात आलं की त्यांची जागा खालच्या बाजूची होती, आणि विंग बदलता येत नाही.

रविवारी सकाळी दाजींच्या दाराची बेल वाजली. पुढे काशीनाथराव, मागे दिपेश आणि सुगंधाबाई, त्यांच्या मागे जिन्यावर मावतील तेवढी माणसं. काशीनाथरावांच्या हातात कागद होता. दाढी वाढलेली. शिस्तीचा माणूस, पण शर्टाची बटणं एक सोडून एक लागलेली.

“कमिटीचा ठराव आहे,” ते म्हणाले. “दाजींनी सोसायटीच्या हितासाठी पूर्ववत नाचावे. आवाजाबद्दल कोणतीही तक्रार घेतली जाणार नाही.”

साईराज भडकला. “तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? तुमच्या त्या फालतू जागेसाठी माझ्या बापाने जीव धोक्यात घालायचा? जा, दुसरा कोणी बघा!”

आता काशीनाथराव कायदा काढतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते सोफ्यावर बसले. कागद मांडीवर ठेवला.

“खालची जागा माझी आहे,” ते म्हणाले.

सुगंधाबाईंचा आ वासला तो तसाच राहिला.

“चिठ्ठी निघाली नाही, पण रिपोर्ट निघाला. अगदी लहान आहे म्हणे माझं. इतके महिने सांगितलं नाही कोणाला. चेअरमनच बाहेरचा म्हटल्यावर लोक काय म्हणतील?” त्यांनी दाजींकडे बघितलं. “पण तुम्ही होतात ना बाहेर. रोज वाटायचं, आपण दोघं आहोत. सकाळी आवाज बंद झाला तेव्हापासून जाग येत नाही मला वेळेवर. आणि आता तुम्ही आत गेलात. मी एकटाच राहिलो हो, दाजी.”

दाजींना एकदम त्या माणसाची कणव आली. एवढी वर्षं खालून ठोकणारा हात आता ठरावाच्या कागदाला घड्या घालत होता.

साईराजचा राग ओसरला. तो चेअरमनशेजारी बसला. “काका, वेडे आहात का? तुम्हाला काही झालेलं नाही. बाहेर असलं म्हणजे माणूस आजारी नसतो. निरोगी माणसंच मोजली होती त्यांनी. तुम्ही निरोगी आहात म्हणून तर तुम्हाला घेतलं. रेषा कुठेतरी मारावी लागते, एवढंच. ह्याला घाबरून कोणी जगणं सोडतं का?”

स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि मंदा पदराला हात पुसत बाहेर आली.

“हेच तुझ्या बापाला का नाही सांगितलंस?” ती म्हणाली.

साईराज चेअरमनपासून जरा सरकून बसला.

“शेजाऱ्याला शहाणपण शिकवतोस, आणि बापाला सोफ्यावर बसवून ठेवलास. तह मीच केला, माझंच चुकलं. मला काय माहीत, हे कमी करून घेतील म्हणून?” तिचा आवाज चढला, जिन्यावरची माणसं एक पायरी खाली सरकली. “अरे, मोठं होतं ह्यांचं काळीज. तीन माणसांचा चहा मावेल एवढं. लग्न होऊन आले तेव्हा खोली दहा बाय दहाची, वर पत्रा. पण मी ह्यांच्या त्या काळजात ऐसपैस राहिले रे जन्मभर. आता नॉर्मल झालं म्हणे! तुम्ही पेढे वाटता. मला विचारा. मला जागा पुरत नाही त्यात.”

दिपेशला जागेचं दुःख लगेच समजलं. त्याने डोळे पुसले.

दाजी खाली बघत होते. बायकोने एवढं बोललेलं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं, आणि तेही अख्ख्या बी विंगसमोर. त्यांचे कान तापले.

“आई, मला भीती वाटते गं,” साईराज म्हणाला.

“मला नाही वाटत? सुभाषच्या बायकोच्या बांगड्या काढताना मी होते तिथे.” ती त्याच्याजवळ आली आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “वाटू दे भीती. तू भिऊन बस सोफ्यावर, मी भिऊन भाकऱ्या करते. ह्यांना नाचू दे.”

साईराज उठला, स्टूल घेतलं, माळ्यावर चढला आणि चाळ खाली काढली. तिच्यावर धूळ बसली होती. त्याने ती आपल्या ऑफिसच्या शर्टाने पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोफा भिंतीकडे सरकला. त्यावर साईराज बसला, पाण्याची बाटली घट्ट धरून. मोबाईल आत ठेवला होता. दाजींनी चाळ बांधली, जमिनीला हात लावून नमस्कार केला, आणि पाय टाकला. पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्या फेऱ्यात छाती भरून आली. तिसऱ्यात ते थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिले. साईराज अर्धा उठला.

“नॉर्मल झालोय ना,” दाजी धापत म्हणाले. “दम पुरत न्हाय नॉर्मल माणसाला. जाईन हळूहळू बाहेर.”

त्यांनी पुन्हा पाय उचलला. आणि खालून ठोकण्याचा आवाज आला. ठक. ठक ठक. दाजी घाबरून थांबले. ठोकणंही थांबलं. त्यांनी भीतभीत एक पाय टाकला. खालून एक ठोका आला. दोन टाकले, दोन आले. मग दाजींनी चाल धरली, आणि खालून झाडूचा दांडा धडपडत मागोमाग यायला लागला.

“ताल चुकतोय मेल्याचा,” मंदा आतून म्हणाली.

“चुकू दे गो,” दाजी म्हणाले.

मांडणीवरचं फुलपात्र बोटभर पुढे सरकलं. मंदाने ते तसंच राहू दिलं.